संथ रक्ताची माणसं

४ फेब्रुवारी

आले एकदाची! गाडीवाल्याने रुग्णालयाच्या पुढच्या दाराशी उतरवलं आणि तो निघून गेल्यावर कळलं की संशोधनगृह मागच्या अंगाला आहे. मग तीन बॅगा ओढत अख्ख्या इमारतीला वळसा. मागे विटांची उंच भिंत, भिंतीत लोखंडी फाटक आणि फाटकाआड हे दुमजली, बदामी रंगाचं घर. दारात सिस्टर उभ्या होत्या. ऐसपैस बाई, आवाजही ऐसपैस. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि माझी सगळ्यांत जड बॅग अशी उचलली की जणू आत कापूस भरलाय. मी संकोचून म्हटलं, त्यात पुस्तकं आहेत. त्या म्हणाल्या, असू देत, वाचायची तुला आहेत, मला नुसती उचलायची आहेत.

खाली प्रयोगशाळा, स्वयंपाकघर, जेवणाची खोली आणि एक छोटी आजाऱ्यांची खोली. वर लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या, टोकाला न्हाणीघर. शेवटची खोली माझी. खिडकीतून रुग्णालयाचा धोबीखाना दिसतो, तारांवर पांढऱ्या चादरी. टेबल डुगडुगत नाही, नळाला गरम पाणी येतं, गादी नवी आहे. मला आणखी काय हवं? आईला फोन केला. तिने विचारलं, माणसं कशी आहेत. म्हटलं, आत्तापर्यंत एकच भेटली, ती माझ्या तिप्पट आहे आणि माझ्या बॅगा उचलते. आई म्हणाली, मग तिच्याशी भांडू नकोस.

आजपासून रोजनिशी. पहिली कायमची नोकरी आहे, कुठेतरी लिहून ठेवायला हवं.

६ फेब्रुवारी

यंत्र माझ्या ताब्यात आलं. कपाटाएवढं आहे, दिवसभर गुरगुरतं, आणि रक्ताच्या एका थेंबात औषध किती आणि औषधाचे तुकडे किती ते सांगतं. माझं काम एवढंच की कुणाचं यकृत किती वेगाने चालतं ते पाहायचं. गोळी सगळ्यांची सारखी असते, यकृतं सारखी नसतात. आईबापांकडून जी जनुकं येतात त्यांवर ते ठरतं. चपळ यकृत बघता बघता औषधाचे तुकडे पाडतं, संथ यकृत रमतगमत बसतं आणि औषध रक्तात तसंच साठत जातं. आईला हे एकदा समजावलं होतं. ती म्हणाली, म्हणजे मी चपळ आणि तुझे बाबा संथ, एवढं कळायला इतकी वर्षं शिकावं लागलं?

सरांशी आज नीट बोलणं झालं. उंच, काटकुळे, कोटाची सगळी बटणं लावलेले. हसायच्या आधी इकडेतिकडे बघून घेतात, जणू कुणाची परवानगी हवी. तळपायांची आग होणाऱ्या आजारावर त्यांनी हे औषध बनवलंय आणि त्यात उमेदीची वर्षं घातली आहेत. त्यांचा एक नेम आहे. जे दुसऱ्याच्या पोटात घालायचं ते आधी आपल्या पोटात. ते स्वतः कित्येक महिने रोज कॅप्सूल घेतात. मीही काही दिवस घ्यावी, तुलनेला निरोगी माणसाचं रक्त मिळेल, असं म्हणाले. मी लगेच हो म्हटलं. सिस्टरनी मात्र कानाला हात लावले. साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा त्यांच्या पोटात ठरत नाही म्हणे.

सर चपळ आहेत, अगदी टोकाचे. माझं काय ते कळेलच. आईची लेक की बाबांची!

९ फेब्रुवारी

पाहुणे आले. सख्खी चार भावंडं, चौघांच्याही पायांची आग होते. वडिलांकडून आलेलं दुखणं. सर म्हणतात, एकच आईबाप, एकच आजार आणि चार वेगवेगळी यकृतं, असं घर शोधून सापडत नाही. हे चौघं वसंत ऋतूपर्यंत इथेच राहणार.

थोरलीला सगळे अक्का म्हणतात. पन्नाशीची आहे. जन्म वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात उभं राहून काढला, तोही त्या जळत्या पायांवर. दोन नंबरचा भाऊ सुतार. बोलणं मोजकं. माझ्या खोलीचं दार करकरतं हे त्याने येता येता ऐकलं आणि चहा व्हायच्या आत बिजागरीला तेल घालून मोकळा झाला. तीन नंबरचा मालट्रकवर ड्रायव्हर. हा मात्र बोलायला लागला की ब्रेक नाही. त्याच्या पायात क्लचपेक्षा जास्त आग आहे, असं तो स्वतःच सांगतो आणि स्वतःच आधी हसतो. सगळ्यांत लहान ती धाकटी. बुटांच्या दुकानात नोकरीला आहे, म्हणजे स्वतःचे पाय पेटलेले असताना दिवसभर दुसऱ्यांच्या पायांशी बसायचं. तिच्या जन्माच्या वेळीच आई गेली. अक्काने तिला बाटलीने वाढवलं आणि त्या नादात स्वतःचं लग्न करायचं राहूनच गेलं. आता तिशी उलटली तरी धाकटीचे केस विंचरून देते.

रक्त सिस्टर काढतात, पण नळ्या घेऊन मी पळते. म्हणून धाकटीने माझं नाव ठेवलंय डासमॅडम. संध्याकाळपर्यंत सगळं घर त्याच नावाने हाक मारायला लागलं. सरसुद्धा इकडेतिकडे बघून हसले.

१५ फेब्रुवारी

औषध लागू पडतंय. सकाळी खाली आले तर अक्का स्वयंपाकघरात अनवाणी उभी. फरशीवर. म्हणाली, गार लागतंय गं, फरशी गार असते हे मी विसरूनच गेले होते. आणि रडायलाच लागली. धाकटीने तिचे पाय मांडीवर घेतले आणि चोळत बसली. ड्रायव्हर दोन्ही पाय बादलीत घालून बसला होता, केवळ मजा म्हणून. सुतार मात्र दुपारी गाढ झोपला. सिस्टर म्हणाल्या, तो आल्यापासून एकदाही सलग झोपला नव्हता.

मी आठवडाभर कॅप्सूल घेतेय. काही जाणवत नाही, फक्त नाक फार तल्लख झालंय. साबण, स्टीलचे डबे, पावसात न भिजलेली माती, सगळ्याचा वेगळा वास येतो. सरांना सांगितलं. ते म्हणाले, नवी जागा आहे, असं होतं.

१९ फेब्रुवारी

निकाल आले. अक्का संथ. सुतार संथ. ड्रायव्हर आणि धाकटी चपळ, सरांसारखेच. चार पोरांत आईबापांनी अगदी समान वाटणी केलीये. आणि मी? मी बाबांची लेक. संथातली संथ. माझ्या रक्तात औषध इतकं साठलंय की सरांनी माझी कॅप्सूल आजच बंद केली. ते उतरायला बरेच आठवडे लागतील, पण अपाय काही नाही, असं त्यांचं म्हणणं.

जेवताना ड्रायव्हरने घोषणा केली की आजपासून चपळांना दोन वाढप आणि संथांना एक. अक्काने त्याला डाव उगारून दाखवला. खूप हसलो.

२२ फेब्रुवारी

आज अक्काने खोली बदलून मागितली. ती आणि धाकटी एका खोलीत आहेत, तिचाच आग्रह होता. सिस्टरनी कारण विचारलं तर आधी सांगेना. मग हळूच म्हणाली, पोरीच्या अंगाला वास येतो. कसला, तर केस जळाल्यासारखा आणि खाली काहीतरी गोडसर कुजल्यासारखा. सिस्टरनी धाकटीजवळ जाऊन वास घेतला. साबणाचा येत होता.

धाकटीने ते दाराआडून ऐकलं. तिने अंघोळ केली, मग पुन्हा केली. मला येऊन विचारलं, डासमॅडम, खरं सांगा, येतो का वास? मी म्हटलं, नाही. खोटंच बोलले. थोडासा येत होता. धोबीखान्याकडून आला असेल, असं मी मनाला सांगितलं.

२४ फेब्रुवारी

जेवणाच्या टेबलावर सुतार धाकट्या भावापासून खुर्ची सरकवत सरकवत थेट भिंतीला जाऊन टेकला. ड्रायव्हरला ते गमतीचं वाटलं. तोही खुर्ची सरकवत त्याच्या मागे गेला आणि त्याने भावाच्या गळ्यात हात टाकला. सुताराने स्टीलचा जग उचलला आणि त्याच्या तोंडावर मारला. एकदा नाही. जग वाकला तरी मारत राहिला. सिस्टरनी मागून कवळ घातली तेव्हा कुठे थांबला. ड्रायव्हरचे पुढचे दोन दात टेबलावर पडले होते.

मग सुतार आपल्याच हाताकडे बघत बसला. म्हणाला, मी का मारलं त्याला? लहानपणापासून बोट लावलं नाही.

मी सरांना म्हटलं, औषध थांबवू या. सर म्हणाले, इतकी वर्षं दूर राहिलेली भावंडं एका छपराखाली आली की जुनं काहीबाही वर येतंच, त्यात औषधाचा काय दोष? पण मला गप्प केलं ते ड्रायव्हरने. सुजल्या ओठांनी तो हात जोडून म्हणाला, मॅडम, औषध नका बंद करू. दात गेले तर गेले. पाय पहिल्यांदाच माझे वाटतात हो.

२६ फेब्रुवारी

लिहून ठेवायलाच हवं.

सकाळी न्हाणीघरातून किंचाळ्या ऐकू आल्या. दाराला आतून कडी होती. सिस्टरनी खांद्याने दार फोडलं. आत वाफच वाफ. अक्काने धाकटीला फरशीवर पालथी पाडलं होतं, पाठीवर गुडघा रोवला होता, गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडला होता आणि फरशी घासायच्या काथ्याच्या ब्रशने ती तिची पाठ घासत होती. कातडी सोलून निघाली होती. पाणी लाल, भिंतीवर शिंतोडे, ब्रशच्या काथ्यात — ते नको लिहायला. आणि अक्का बोलत होती अगदी मायेने. थांब गं बाळा, झालंच, आत्ता जाईल, आत्ता जाईल वास, थांब माझी बाय ती.

तिला ओढून काढायला सिस्टर आणि सर दोघंही लागले. ओढताना तिने सरांच्या हाताचा लचका तोडला.

धाकटी खालच्या खोलीत पालथी झोपलीये, पाठभर पट्ट्या. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलं, तर अक्काला भाजलं तर नाही ना?

अक्काला तिच्या खोलीत बाहेरून कडी घातलीये, सुतारालाही त्याच्या. आत एकटी असली की अक्का दाराआडून अगदी शांत बोलते. मी विचारलं, तुम्हाला कळत होतं का, ती कोण आहे. अक्का म्हणाली, सगळं कळत होतं गं. माझी पोर आहे ती. म्हणून तर धूत होते. दुसरी कुणी असती तर मारून टाकली असती.

१ मार्च

धाकटीच्या घामाने ओली झालेली चादर कापून तो तुकडा यंत्राला दिला. ड्रायव्हरचा सदरा, सरांचा रुमाल, तेही दिले. तिघांच्याही घामात औषधाचा एकच तुकडा आहे, भरपूर आहे. अक्काच्या आणि सुताराच्या घामात नाही. माझ्याही नाही.

आता समजलं. चपळ माणसांचं यकृत औषध तोडतं आणि ती राख घामातून बाहेर पडते. संथ माणसांचं औषध तुटत नाही, ते रक्तात राहतं, डोक्यात जातं. नाकाला धार लावतं आणि आणखीही काही करतं. नुसत्या संथाला काही होत नाही. नुसत्या चपळाला काही होत नाही. दोघं एका घरात आले की —

सरांना कागद दाखवले. ते बसून सांगत होते, मी उभी राहून ऐकत होते, आणि मला त्यांचं एक अक्षर कळत नव्हतं. त्यांच्या कॉलरच्या आतून वास येत होता. जळके केस, गोड कुजका. माझी नजर त्यांच्या गळ्यावर होती. गिळताना ती गाठ वरखाली होते. ती दोन बोटांत धरली तर थांबेल, एवढं एकच डोक्यात. मी पाठ फिरवून निघून आले. नखं तळव्यात रुतली होती, आता दिसतंय, चार चंद्रकोरी, रक्त आहे.

सर एवढंच म्हणाले, असं मागून कळलं, की वास हा काही मोजायचा विषय नाही.

३ मार्च

ड्रायव्हर गेला.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून बुटाची नाडी बांधत होता. बाहेर चक्कर मारून येतो म्हणाला, पाय चालायला मागतायत. सुतार आत होता. त्याला त्याच्या खोलीतून कुणी सोडलं? सरांनी. रक्त तपासायला.

सुताराने दार ढकललं. भावाचं डोकं दार आणि चौकटीमध्ये. जड लाकडी दार. ढकललं, उघडलं, ढकललं, उघडलं. मी टेबलापाशी होते. तो घाई करत नव्हता. काम करणाऱ्या माणसासारखा श्वास घेत होता. ड्रायव्हरचा एक पाय बराच वेळ फरशीवर आपटत होता. नंतर आवाज बदलला, ओला झाला, आणि दार नीट मिटलं.

मी ओरडले का? सिस्टर म्हणतात, ओरडले नाही. नुसती बघत उभी होते.

पोलीस आले, सुताराला घेऊन गेले. बाकीच्यांनी जबानी होईपर्यंत घर सोडायचं नाही.

४ मार्च

औषध सगळ्यांचं बंद. शेवटी.

जबानीला ठाण्यावर गेले होते. रस्त्यावर बरी होते. माणसांची गर्दी, घाम, धूर, काही वाटलं नाही. हलकं वाटलं. आईला फोन करून रडले. ती म्हणाली, सामान तिथेच टाक आणि ये.

सुतार कोठडीच्या कोपऱ्यात बसला होता. गरीब गाईसारखा. तिथे वास नाही ना. मला बघून उठला, विचारलं, भाऊ कसा आहे? दवाखान्यात नेला का त्याला? कुणी सांगितलंच नव्हतं, की सांगितलेलं त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. मी सांगितलं. त्याने आपले दोन्ही हात गजांवर आपटायला सुरुवात केली. हाडं मोडल्याचा आवाज आला तरी आपटत होता.

तिथूनच पळून जायला हवं होतं. पण धाकटी घरात आहे. अक्का घरात आहे. सर म्हणत होते, उद्यापरवा दोघींना एकदा समोरासमोर बसवू, म्हणजे वासाचं खूळ निघेल. ते माझ्याशिवाय कोण थांबवणार? पोलिसांना वासाचं सांगितलं तर लिहून घेणाऱ्याने पेन खाली ठेवलं.

म्हणून परत आले.

५ मार्च

माझं रक्त पुन्हा तपासलं. औषध उतरलेलं नाही. जवळजवळ तेवढंच आहे.

धाकटीच्या घामातही आहे. चरबीत मुरलंय, झिरपत राहणार.

जेवण खोलीत मागवलं. दाराच्या फटीत ओला टॉवेल. तरी येतो. खालच्या मजल्यावरून, जमिनीतून. ती कूस बदलते तेव्हा मला कळतं.

सिस्टरना म्हटलं, धाकटीला भिंतीपलीकडे मोठ्या रुग्णालयात हलवा, आत्ताच्या आत्ता. त्या म्हणाल्या, सरांची सही लागते. सर सही देत नाहीत. मी त्यांच्याशी बोलायला गेले तर जिन्यातच — जिन्याच्या कठड्याचा लाकडी गोळा माझ्या हातात आला. उपटला मी. कधी उपटला?

परत खोलीत.

६ मार्च, सकाळ

सर गेले. मेले. लिहिते, क्रमाने लिहिते.

दोघींना समोरासमोर बसवायचं म्हणत होते. मी म्हटलं, बसवायचंच असेल तर तुम्ही बसा अक्कासमोर. तुमच्याही घामात तेच आहे. मी असं का म्हटलं? त्यांना पटावं म्हणून? की —

ते हसले. इकडेतिकडे न बघता. गेले आत, खुर्ची ओढून अक्काच्या गुडघ्यांना गुडघे लावून बसले. मी दारात. अक्का अदबीने म्हणाली, सर, जरा लांब बसाल का? सरांनी खुर्ची पुढे घेतली. ती परत म्हणाली, सर, पाया पडते, लांब बसा. त्यांनी तिचा हात हातात घेतला. म्हणाले, बघा अक्का, काही होत नाही.

तिने त्यांचे केस धरले. बेसिनच्या कडेवर. पहिल्याच वेळी डोळा — नंतर बेसिन फुटलं. मग फुटक्या काठावर. ते माझं नाव घेत होते, खरं नाव, डासमॅडम नाही.

सिस्टर धावत आल्या तेव्हा मी दार लावून घेतलं. बाहेरून नाही. आतून. पाठ लावून उभी राहिले. त्या बाहेरून धडका देत होत्या आणि मी टाच रोवून दार धरलं होतं. मला ते संपलेलं हवं होतं.

वास गेला नाही. रक्तात जास्त असतो.

अक्काने हात धुवायला नळ शोधला, तो तुटला होता. कपड्यांना हात पुसून तिने विचारलं, पोरीने काही खाल्लं का?

६ मार्च, दुपार

सिस्टरनी मला खोलीत टाकून बाहेरून कडी घातली. मीच सांगितलं तसं. अक्काच्याही दाराला. त्या फाटकाशी गेल्या आहेत, पोलिसांना आत आणायला. म्हणाल्या, हलू नकोस, आत्ता आले. धाकटीला घेऊन जा म्हटलं, तर म्हणाल्या, तिला उचलायला दुसरं माणूस लागेल, पाठ उघडी आहे तिची. आधी माणसं आणते.

त्या माझ्या अंगाला टेकल्या तरी काही झालं नाही मला. बऱ्या आहेत त्या. त्यांना काही होणार नाही.

खिडकीला गज. चादरी हलतात. वारा तिकडून इकडे यायला हवा, येत नाही.

वास वाढतोय —

जिन्यावर. हळू. धरून धरून चढतेय. थांबते. परत चढते.

मी ओरडले, वर येऊ नकोस! ती म्हणाली, खाली कुणीच नाही हो. छतातून लाल गळतंय. मला एकटीला भीती वाटते.

जा. रस्त्यावर जा. भिंतीपलीकडे जा. मी ओरडतेय आणि ती रडतेय. म्हणते, मी काय केलं? सगळ्यांना माझा राग का येतो? तुम्हीपण?

कडीला हात लावू नकोस. कडीला हात —

आत आली.

पलंगावर बसलेय मी. उजव्या हातात पेन. डाव्याने वही दाबून धरलीये. लिहीत राहिले की हात इथे राहतात. लिहीत राहायचं. काहीही. भिंत पांढरी. टेबल. खिडकी. सिस्टर येतील. फाटक वाजेल. आत्ता वाजेल.

मान वर करत नाही. तिला म्हणतेय, जा, जा, जा. तिला वाटतं मी घाबरलेय. म्हणते, घाबरू नका, मी आहे ना.

पाठीच्या पट्ट्यांतून येतोय. ओला आहे. तोंडात उतरलाय, दातांत —

शेजारी बसली. तिला काही कळत नाही. तिला स्वतःचा येत नाही. चांगली मुलगी आहे. पेन टोकदार आहे, ते नाही लिहायचं. चांगली मुलगी आहे. चांगली मुलगी

फाटक वाजलं — लांब आहे अजून — लांब —

तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेव